डिस्प्ले येत नाही? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

कॉम्प्युटर सुरू होतो, पंखा फिरतो, कीबोर्डचा दिवा लागतो. पण स्क्रीन काळीच. किंवा स्क्रीन दिसते, पण अक्षरं एवढी मोठी की निम्मी विंडो बाहेर. किंवा काम चालू असताना क्षणभर सगळं काळं होतं आणि पुन्हा येतं. दुरुस्तीवाल्याला फोन लावला की बहुतेकदा ठरलेलं उत्तर मिळतं : ‘ड्रायव्हर उडाला असेल, फॉरमॅट मारून देतो.’

फॉरमॅट मारल्यावर कधीकधी खरंच बरं वाटतं, कारण त्यात ड्रायव्हरही नव्याने पडतो. पण तेवढ्यासाठी सगळं विंडोज पुसायची गरज नसते. आणि दोष केबलमध्ये, कार्डात किंवा वीजपुरवठ्यात असेल, तर फॉरमॅटनंतरही तो जागच्या जागी राहतो. जातो फक्त आपला टॅलीचा डेटा, नाहीतर मुलांचे फोटो.

म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी चित्र नेमकं कुठे अडतंय, हे ठरवायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबलही बदलली आणि ड्रायव्हरही, तर गुण कशाने आला ते कळत नाही. इथे विंडोज १० आणि ११ असलेला डेस्कटॉप धरला आहे.

आधी थोडी ओळख

स्क्रीनवरचं चित्र तयार करतो तो ग्राफिक्स प्रोसेसर. काही कॉम्प्युटरमध्ये तो मुख्य प्रोसेसरच्याच पोटात असतो, काहींत मदरबोर्डवर खोचलेल्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर. या प्रोसेसरकडून विंडोजला काम करून घेता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. प्रत्येक कंपनीचा आणि बऱ्याचदा कार्डाच्या प्रत्येक पिढीचा ड्रायव्हर वेगळा असतो.

ड्रायव्हर नसला म्हणून स्क्रीन पूर्ण बंद पडतेच असं नाही. विंडोजकडे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर कायम असतो. त्यावर चित्र दिसतं, पण रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी राहतं. व्हिडिओ अडखळतो, दुसरा मॉनिटर चालत नाही. एकाएकी सगळं मोठं आणि पुसट दिसू लागलं, तर विंडोज या कामचलाऊ ड्रायव्हरवर आलं असण्याची शक्यता मोठी.

पायरी १ : कंपनीचा लोगो दिसतो का?

कॉम्प्युटर सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत मदरबोर्डच्या किंवा कॉम्प्युटरच्या कंपनीचा लोगो येतो. त्या वेळी विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हरही नसतो. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

लोगो नीट दिसला आणि विंडोजचं गोल चक्र फिरता फिरता स्क्रीन काळी झाली, तर पहिला संशय ड्रायव्हरवर. लोगोच दिसला नाही, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दोष केबल, मॉनिटर, कार्ड किंवा रॅममध्ये शोधायचा.

इथे एक गफलत होते. मॉनिटर जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेतो आणि तेवढ्यात लोगो येऊन जातो. म्हणून कॉम्प्युटर सुरू करताच डिलीट किंवा एफ२ हे बटण टपटप दाबत राहावं. बहुतेक मदरबोर्डवर त्याने बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची सेटिंगची पाटी, उघडते.

ती पाटी पाच मिनिटं तशीच ठेवून बघा. तिच्यावरही रेघा, रंगीत ठिपके किंवा चौकोनी तुकडे दिसत असतील, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. अशा वेळी तो दहा वेळा टाकला तरी फरक पडणार नाही. सरळ पायरी २ आणि पायरी १० कडे जावं.

पायरी २ : केबल कुठे लावली आहे?

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या कॅबिनेटच्या मागे चित्राची पोर्ट दोन ठिकाणी असतात. वर उभ्या रांगेत, यूएसबी आणि नेटच्या पोर्टजवळ असतात ती मदरबोर्डची. खाली आडव्या पट्टीत असतात ती कार्डाची. केबल कार्डाच्या पोर्टमध्येच हवी.

साफसफाईनंतर केबल वरच्या पोर्टमध्ये जाणं ही नेहमीची चूक. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, तर तिथून चित्र येतच नाही. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यांत ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे.

मॉनिटरच्या बटणांनी इनपुटही पाहून घ्यावा. केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर बसलाय डिस्प्ले पोर्टची वाट बघत, असं झालं की ‘नो सिग्नल’ येतो. डिस्प्ले पोर्टच्या बऱ्याच केबलींना खटका असतो; तो दाबल्याशिवाय केबल ओढू नये.

जुन्या निळ्या व्हीजीए केबलीत लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळ्या पिनांतून येतात. त्यामुळे एखादी पिन वाकली की एक रंग गळतो. सगळी स्क्रीन पिवळी दिसली तर निळा येत नाही, जांभळट-गुलाबी दिसली तर हिरवा, आणि आकाशी दिसली तर लाल. केबल काढून तिची पंधरा पिनांची जागा उजेडात बघितली की वाकलेली पिन डोळ्यांना दिसते. काही पिना मुळातच नसतात, त्याची काळजी नको.

नव्या कार्डांवर व्हीजीए पोर्ट नसल्यामुळे जुना मॉनिटर कन्व्हर्टर लावून चालवला जातो. कॉम्प्युटरकडून एचडीएमआय घेऊन मॉनिटरला व्हीजीए देणारा कन्व्हर्टर उलट दिशेने चालत नाही, हे विकत घेताना लक्षात ठेवावं.

मॉनिटर आपली माहिती, म्हणजे कोणती रिझोल्यूशन चालतात ते, केबलमधूनच कॉम्प्युटरला कळवतो. हलक्या कन्व्हर्टरमध्ये ती माहिती पोहोचत नाही. मग ड्रायव्हर ठणठणीत असूनही विंडोज १०२४×७६८ च्या पुढे जात नाही. शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर मागून आणणं ही या पायरीतली सर्वांत खात्रीची तपासणी.

पायरी ३ : स्क्रीनशॉट काढा

विंडोजमध्ये असताना रेघा किंवा डाग दिसत असतील, तर प्रिंट स्क्रीनचं बटण वापरून स्क्रीनशॉट काढावा आणि तो मोबाइलवर पाठवून मोबाइलमध्येच बघावा. त्याच मॉनिटरवर बघितला, तर रेघा दिसणारच आणि काहीच कळणार नाही.

मोबाइलवरच्या चित्रातही रेघा असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय : ड्रायव्हर किंवा कार्ड. चित्र स्वच्छ असेल, तर बिघाड बहुधा त्यानंतरच्या वाटेवर आहे : कार्डाचं पोर्ट, केबल किंवा मॉनिटर.

स्क्रीन लुकलुकत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि टास्क मॅनेजरची विंडो स्थिर आहे, तर एखादं ॲप गडबड करतंय. टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल, तर संशय ड्रायव्हरवर. फक्त ब्राउझरमध्येच व्हिडिओ काळे-हिरवे होत असतील, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघावं.

पायरी ४ : कीबोर्डवरून होणारे उपाय

विंडोजची की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर मिटते, बहुधा एक बीप ऐकू येतो. उघडलेल्या फाइल तशाच राहतात. स्लीपमधून उठल्यावर स्क्रीन काळी राहिली, तर आधी हेच करावं.

कधी ड्रायव्हर ठीक असतो, पण चित्र दुसऱ्याच पडद्यावर गेलेलं असतं. टीव्ही जोडून नंतर काढला की असं होतं. विंडोजची की आणि पी दाबून थोडं थांबावं, मग बाणाने पर्याय बदलून एंटर मारावं. न दिसताही हे दोन-तीनदा करून बघता येतं.

रिझोल्यूशन बदलल्यावर स्क्रीन गेली, तर कशालाही हात लावू नये. आपण होकार दिला नाही, तर १५ सेकंदांनी विंडोज जुनी सेटिंग आपोआप परत आणतं. घाईत बटणं दाबली, तर नको तो होकार जाऊ शकतो.

शट डाउन करून पुन्हा चालू करणं आणि रीस्टार्ट करणं यांतही फरक आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना ड्रायव्हरची स्थिती साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणून ‘बंद करून चालू केला, तरी तसंच’ असं होतं. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून सुरू होतं.

पायरी ५ : डिव्हाइस मॅनेजर काय म्हणतो?

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’ समोरचा बाण दाबावा.

कार्डाचं नाव नीट दिसतंय आणि कुठलीच खूण नाही, तर ड्रायव्हर बसलेला आहे. तो बिघडलेला असू शकतो, पण गैरहजर नाही. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसलं, किंवा ‘अदर डिव्हायसेस’मध्ये ‘व्हिडिओ कंट्रोलर’ दिसला, तर खरा ड्रायव्हर नाहीच.

नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचावा. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं आहे. हे ड्रायव्हरमुळेही होतं आणि कार्ड बिघडल्यामुळेही. ड्रायव्हर साफ करून नव्याने टाकल्यावरही कोड ४३ आला, तर कार्डावरचा संशय बळावतो. आणि यादीत वेगळ्या कार्डाचं नावच नसेल, तर ते विंडोजला दिसतच नाही. पायरी १० बघावी.

काम करता करता स्क्रीन काळी होऊन परत येत असेल, तर त्यामागे विंडोजचा एक पहारा असतो. ग्राफिक्स प्रोसेसरने दिलेल्या कामाला साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज तो अडकला असं समजून ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे. तरीही प्रतिसाद आला नाही, तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘व्हिडिओ टीडीआर’ असे शब्द असतात.

अशा घटनांची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘सिस्टिम’ या नोंदवहीत ४१०१ या क्रमांकाने सापडते. तिथली वेळ बघावी. सगळ्या नोंदी गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या वेळच्या असतील, तर उष्णता आणि वीज तपासायची. नवा ड्रायव्हर टाकल्याच्या दिवसापासूनच्या असतील, तर पुढची पायरी.

पायरी ६ : मागच्या ड्रायव्हरवर परत जा

‘कालपर्यंत ठीक होतं, अपडेट झालं आणि बिघडलं’ अशी गोष्ट असेल, तर नवा ड्रायव्हर शोधत बसू नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘ड्रायव्हर’ हा टॅब आणि त्यात ‘रोल बॅक ड्रायव्हर’. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. हे बटण फिकट दिसत असेल, तर जुनी प्रत शिल्लक नाही; मग पायरी ८ ला पर्याय नाही.

पायरी ७ : काहीच दिसत नसेल तर सेफ मोड

सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. त्यात कार्डाचा आपला ड्रायव्हर वापरला जात नाही. त्यामुळे लोगोनंतर काळी होणारी स्क्रीन सेफ मोडमध्ये दिसली, तर ड्रायव्हरचा दोष जवळजवळ पक्का.

विंडोज दिसत असेल, तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करावं. दिसतच नसेल, तर विंडोज सुरू होऊ लागताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करावं. हे लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा उघडतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ हा आकडा.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असेल, तर मोबाइलवरून बघता येते. दुसरं, सेफ मोडमध्ये कधीकधी चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. दोन्ही आधीच शोधून कागदावर लिहून ठेवावेत.

पायरी ८ : जुना पूर्ण काढा, मग नवा टाका

आधी कार्डाचं नेमकं नाव लिहून घ्यावं आणि एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून ठेवावा. कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल, तर त्या कंपनीच्या साइटवरही मॉडेलनुसार ड्रायव्हर मिळतो. ‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असं सांगत येणाऱ्या ड्रायव्हर अपडेटर प्रोग्रॅमांच्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत नवा म्हणजे सर्वांत योग्य, असंही नाही. जीटी ७१० हे स्वस्त कार्ड आपल्याकडे असंख्य ऑफिसांत आहे. त्याच्या पिढीसाठी एनव्हिडियाची ड्रायव्हरची शाखा ४७० वरच थांबली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही २०२४ पर्यंतच आल्या. आजचा नवा ड्रायव्हर त्यावर बसणारच नाही. साइटवर कार्डाचं नाव निवडून जो मिळतो, तोच घ्यावा.

फाइल हाताशी आली की नेटची केबल काढावी, वायफाय बंद करावं. ही गोष्ट हमखास राहून जाते. नेट चालू राहिलं, तर जुना ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट स्वतःच्या मनाने दुसराच टाकून मोकळं होतं.

एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक केली, तर जुनं बरंचसं निघतं. तेवढ्याने भागलं नाही, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा मोफत प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये चालवावा. दुरुस्तीवाले त्याला डीडीयू म्हणतात. तो जुन्या ड्रायव्हरच्या उरल्यासुरल्या नोंदीही काढतो. चालवण्याआधी विंडोजचा रिस्टोर पॉइंट करून ठेवावा.

साफ झाल्यावर कॉम्प्युटर साध्या मोडमध्ये सुरू होईल आणि चित्र मोठं, पुसट दिसेल. घाबरू नये, तो कामचलाऊ ड्रायव्हर आहे. आता उतरवलेली फाइल चालवावी. मध्ये स्क्रीन दोन-तीनदा काळी होते, तेव्हा पॉवरचं बटण दाबू नये. शेवटी रीस्टार्ट करून मगच नेट जोडावं.

पायरी ९ : तोच बिघाड पुन्हा येत असेल

दोन दिवस ठीक चाललं आणि पुन्हा बिघडलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती बघावी. आपण टाकलेल्यापेक्षा ती वेगळी असेल, तर विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदलला आहे. स्टार्टमध्ये ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधून तिथे ‘नो’ निवडावं आणि आपला ड्रायव्हर पुन्हा टाकावा. आवृत्ती तीच असूनही बिघाड परतला, तर ड्रायव्हरचा नाद सोडावा.

पायरी १० : ड्रायव्हर निर्दोष ठरला तर

उष्णता. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये वेगळ्या कार्डाचं तापमान दिसतं. जड काम करताना ते ८५-९० अंशांच्या वर टिकून राहत असेल, तर पंख्यात अडकलेली धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते गरगर फिरून खराब होतं.

वीज. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, वेगळी केबल येते : सहा पिनांची ७५ वॅट, आठ पिनांची १५० वॅट. ती सैल असेल किंवा एसएमपीएस हलका असेल, तर साधं काम नीट होतं आणि गेम सुरू होताच स्क्रीन जाते किंवा कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

संपर्क. ‘रबर मारून बघा’ हा आपल्या दुरुस्तीवाल्यांचा सल्ला खरोखर कामाचा आहे. दमट हवेत कार्डाच्या आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुट चढतं. प्लग काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. स्लॉटच्या टोकाचा खटका दाबून कार्ड सरळ वर काढावं. साध्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, रबराचा कचरा झटकावा आणि खटका लागल्याचा आवाज येईपर्यंत कार्ड बसवावं.

कार्डच खोटं. ऑनलाइन फार स्वस्तात मिळालेल्या काही कार्डांत जुनी चिप असते आणि तिच्या फर्मवेअरमध्ये नव्या कार्डाचं नाव घातलेलं असतं. नव्या नावाचा ड्रायव्हर टाकला की ते कोलमडतं. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम अशी बरीच कार्डं ओळखतो आणि नावाआधी ‘फेक’ असं दाखवतो.

जुनं कार्ड घेताना तर जपावंच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि त्या कामातली कार्डं जुन्या बाजारात आली. सगळीच वाईट नसतात, पण पंखे झिजलेले असू शकतात. पैसे देण्याआधी अर्धा तास जड काम लावून बघावं.

तरीही जमलं नाही तर

बायोस अपडेट करायचा सल्ला मिळाला, तर तो सगळ्यात शेवटी ठेवावा. अपडेट चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड उठेनासा होऊ शकतो. यूपीएस नसेल, तर हे घरी करूच नये.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात : लोगो आणि बायोस स्वच्छ दिसतात का; दुसऱ्या केबलवर आणि मॉनिटरवर काय झालं; सेफ मोडमध्ये चित्र येतं का; डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणतं नाव आणि कोणता कोड आहे. ही उत्तरं हातात असली की बोलणं फॉरमॅटपासून सुरू होत नाही. आणि त्याने तरीही फॉरमॅटच सुचवला, तर ‘बायोसमध्येही रेघा दिसतात, मग फॉरमॅटने त्या जातील कशा?’ असं आपल्याला विचारता येतं.